किल्ली कुणाच्या कमरेला?

देऊळ, मशीद, चर्च, विहार, सगळे एकाच माळेचे मणी, असं म्हणून सिगारेट पेटवणारे दोस्त आपल्यात बरेच झालेत. धर्म म्हणजे अफू, म्हणतात. पुस्तकातून म्हणतात. आणि दुसऱ्या बाजूला पांढरे कपडे घालून पौर्णिमेला वंदना म्हटली की झाली चळवळ, असं समजणारेही आपलेच. दोघांनाही मला एक विचारायचंय. धर्माच्या घराचा हिशेब कधी तपासलाय का? आत कोण कुठं बसतं, पैसा कुणाच्या खिशातनं येतो, जागा कुणाच्या नावावर आहे, बोलायला कोण उभं राहतं आणि खरकटं कोण काढतं? ते घर बाहेरच्या वस्तीशी कसं वागणार हे त्यांचा ग्रंथ वाचून कळत नाही. हा हिशेब वाचला की कळतं.

विहाराकडं शेवटी येतो. आधी चर्चचं सांगतो. का, तर एकच येशू, एकच बायबल, एकच गाव, आणि तरी दोन चर्चं एकमेकांच्या उलट उभी, असा उघडा पुरावा अमेरिकेत मिळतो. इंग्रजी मला अजून शब्दकोश मांडीवर घेऊन वाचावं लागतं. तिसऱ्या पाळीनंतर डोळे चुरचुरत वाचलं, पण वाचलं ते वाया गेलं नाही.

अमेरिकेचं नाव आपल्याला परकं नाहीच. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नाव ब्लॅक पँथरवरनंच घेतलं. पण त्या पँथरांनी गरीब पोरांना शाळेआधी फुकट न्याहारी द्यायचं काम १९६९ च्या जानेवारीत ओकलंडला सुरू केलं ते कुठं? सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये. तिथले काळे पाद्री अर्ल नील यांनी दार उघडून दिलं. माओचं लाल पुस्तक विकणारे, खांद्यावर बंदूक टाकणारे पँथर, आणि चूल पेटली ती चर्चच्या आत. आपल्याकडं त्यांचं नाव आलं, मूठ आली, फोटो आले. चूल मात्र तिकडंच राहिली.

आता ते दार उघडं का होतं? पाद्री भला होता म्हणून एवढंच सांगून भागत नाही. मागं जावं लागतं.

गोऱ्या मालकांच्या चर्चनंसुद्धा गुलामांसाठी मिशन काढलं होतं. १८०७ साली लंडनला वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी एक खास बायबल छापलं. त्यातनं इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतनं सुटले ती मोशेची गोष्टच कापून काढली. धर्म द्यायचा, पण सुटकेचं पान फाडून द्यायचं. जॉर्जिया राज्यात चार्ल्स कॉलकॉक जोन्स नावाचा पाद्री होता. गुलामांना सुवार्ता सांगण्यात त्यानं हयात घालवली, आणि स्वतः गुलामांचा मालक. १८३३ साली त्यानं पौलाच्या पत्राचा आधार घेऊन उपदेश केला की पळून जाणं पाप आहे, धन्याची आज्ञा पाळा. तेव्हा समोरचे निम्मे लोक उठून चालते झाले. राहिलेल्यांतले काही म्हणाले, असलं पत्र बायबलात नाहीच. हे त्या जोन्सनंच लिहून ठेवलंय. वाचता न येणाऱ्या माणसांनी ग्रंथाची केलेली ही टीका मला मोठमोठ्या पंडितांपेक्षा मोलाची वाटते.

त्याच्या पुढची गंमत. गंमत कसली, शिसारी. १८४५ साली दक्षिणेतल्या बाप्टिस्टांनी आपलं वेगळं संघटन काढलं, सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन. भांडण कशावरनं? गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून नेमता येईल का, यावरनं. उत्तरेकडचे नाही म्हणाले, तर ह्यांनी घरच वेगळं मांडलं. म्हणजे देवाचा निरोप न्यायला गुलामांचा मालक चालतो, हा ज्या घराचा पाया, त्या घरानं पुढं शंभर वर्षं काळ्यांच्या वस्तीत काय नेलं असेल? जुने कपडे नेले असतील. नाताळचा खाऊ नेला असेल. मतदानाचा हक्क नेला नाही. या पायाबद्दल त्यांनी माफी मागितली ती १९९५ साली. दीडशे वर्षांनी.

दुसरं घर कसं उभं राहिलं ते बघा. अठराव्या शतकाच्या अखेरीला फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये काळे लोक प्रार्थनेला जात. एके दिवशी गुडघे टेकून प्रार्थना चालू असताना ॲब्सलम जोन्स नावाच्या माणसाला कारभाऱ्यांनी ओढून उठवलं. ही जागा तुझी नव्हे, मागं हो. प्रार्थना संपेपर्यंतसुद्धा थांबले नाहीत. जोन्स, रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले ते परत त्या उंबऱ्यावर चढले नाहीत. हा ॲलन आधी गुलाम होता, मजुरी करून पैसे भरून सुटलेला. त्यानं जागा घेतली, लोहाराचा एक जुना साळ आणून त्या जागेवर ठेवला, आणि १७९४ साली त्यातच चर्च भरवलं. बेथेल. गोऱ्या मेथडिस्टांनी पुढं वीस वर्षं तगादा लावला की तुमची इमारत आमच्या ताब्यातली, तुमच्या व्यासपीठावर कुणी बोलायचं ते आम्ही ठरवू. ॲलन कोर्टात भांडला. १८१६ साली निकाल लागला, इमारत काळ्यांची. त्याच वर्षी त्यांचा स्वतंत्र पंथ उभा राहिला.

आपल्यातल्या कवी लोकांना हे कोर्टकचेरीचं, सातबाऱ्याचं बोलणं रुक्ष वाटतं. मीही कविता लिहितो. पण सातबारा बघितल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही.

ती गोष्ट माँटगोमेरीची. बसमधली जागा सोडली नाही म्हणून रोझा पार्क्सना १ डिसेंबर १९५५ ला अटक झाली, एवढं आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मार्टिन ल्यूथर किंग पाठ आहे. पण त्या रात्री काय झालं? काळ्यांच्या कॉलेजात शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन नावाच्या बाईनं दोन विद्यार्थी बरोबर घेऊन रातोरात हजारो पत्रकं काढली. सोमवारी बसमध्ये बसू नका. कशावर काढली? सायक्लोस्टाइलवर! स्टेन्सिल, शाई, हँडल. आपल्या चळवळीची कितीतरी पानं ज्या यंत्रावर निघाली त्याच जातीच्या यंत्रावर. नेते झोपले होते तेव्हा बाईनं हात काळे केले.

पत्रकं निघाली, पण शहरभरच्या मोलकरणी, धोबिणी, हमाल यांना एका ठिकाणी आणायचं कुठं? सरकारी हॉल गोऱ्यांचे. काळ्यांच्या मालकीची मोठी छपरं शहरात होती ती चर्चची. सोमवारी, ५ डिसेंबरला संध्याकाळी, होल्ट स्ट्रीट चर्चमध्ये सभा भरली. मजुरांच्या वस्तीतलं चर्च. आत मावले नाहीत तेवढे बाहेर रस्त्यावर उभे.

त्याच दुपारी पाद्री मंडळींची बैठक झाली तीही सांगितली पाहिजे, नाहीतर चर्च म्हणजे सगळे वाघ होते असा समज होईल. पाद्री घाबरले होते. आपली नावं गोऱ्यांना कळू नयेत, सगळं गुपचूप व्हावं, अशी कुजबुज चालू होती. तेव्हा ई. डी. निक्सन उठला. हा रेल्वेच्या झोपायच्या डब्यातला पोर्टर, बिछाने घालणारा, बूट पुसणारा, आणि युनियनचा पक्का माणूस. त्यानं पाद्र्यांची सालटी काढली. धुणी धुणाऱ्या बायकांच्या घामावर तुम्ही इतकी वर्षं पोसले गेलात, त्यांच्यासाठी कधी काय केलंत, असं तोंडावर विचारलं. पोरकट भित्रे म्हणाला. किंग सव्वीस वर्षांचा, नुकता आलेला पाद्री. तो म्हणाला, मी भित्रा नाही. आणि पुढारी झाला.

निक्सनचा टोला बसला का? तर तो खरा होता म्हणून. त्या पाद्र्यांचा पगार गोरा मालक देत नव्हता. मोलकरणींच्या आणि मजुरांच्या चिल्लर पैशातनं तो येत होता. काळ्या शाळेचा मास्तर तोंड उघडला तर गोरं सरकार त्याला काढू शकत होतं. गिरणीतला, हॉटेलातला माणूस दुसऱ्या दिवशी गेटबाहेर. पाद्र्याला काढू शकणारी माणसं समोरच्या बाकांवर बसलेली होती आणि ती सगळी बसमधनं उठवलेली होती. असल्या घराचा कारभारी इच्छा नसली तरी लढाईत ओढला जातो. खुर्चीच तशी असते.

तीनशे एक्याऐंशी दिवस बस रिकाम्या धावल्या. माणसं चालली. मोटारींची पाळी लावली, मोठ्या गाड्या घेतल्या, आणि त्या गाड्या चर्चच्या नावावर नोंदवल्या. गाडीच्या अंगावर चर्चचं नाव रंगवलेलं. लोक त्यांना चालती चर्चं म्हणत. विमा कंपन्यांनी विमे रद्द केले तर थेट लंडनहून विमा आणला. जॉर्जिया गिलमोर नावाची स्वयंपाकीण होती. कोर्टात बस कंपनीच्या विरोधात साक्ष दिली म्हणून तिची नोकरी गेली. तिनं बायका जमवल्या, घरोघर केक, मटण, भाज्या करून विकल्या आणि पैसा सभेत आणून दिला. कुठनं आला पैसा? कुठनंच नाही! त्या बायकांच्या मंडळाचं नावच ‘कुठनंच नाही’ असं होतं, म्हणजे मालकिणीला विचारायची सोय नको आणि विकत घेणाऱ्या गोऱ्यालाही पत्ता नको. पाद्र्यांची भाषणं छापली गेली. ह्या डब्यांचा हिशेब आपणच शोधून वाचावा लागतो.

एक तारीख इथं मुद्दाम सांगतो. हा बहिष्कार चालू असतानाच, १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी नागपूरला आपल्याला बुद्धाकडं नेलं. ६ डिसेंबरला ते गेले. २० डिसेंबरला माँटगोमेरीचा बहिष्कार जिंकून संपला. दोन्हीकडची माणसं एकमेकांना ओळखत नव्हती, पण एकाच वर्षात दोन्हीकडं माणसं उंबरा ओलांडत होती.

आणि गोरी चर्चं? त्याच गावात, त्याच रविवारी, तोच येशू. दारं बंद. एक गोरा पाद्री मात्र सुरुवातीपासून बहिष्कारात होता, रॉबर्ट ग्रेट्झ. स्वतःच्या गाडीतनं काळ्या मजुरांना कामावर सोडायचा. त्याच्या घरावर बाँब पडले. तो वेगळा कसा निघाला? तो ज्या लुथरन चर्चचा पाळक होता तिथली मंडळी काळी होती. कातडी गोरी, पण ताट त्यांच्यात. मराठी ख्रिस्ती लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतात तो शब्द किती नेमका आहे बघा. दगडविटांचं चर्च नसतंच, जमलेल्या माणसांचं असतं. ग्रेट्झच्या मंडळीनं ग्रेट्झला घडवलं. १९६३ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमला आठ गोऱ्या धर्मगुरूंनी पत्रक काढून काळ्यांना सबुरीचा सल्ला दिला, तेव्हा तुरुंगातनं किंगनं त्यांना उत्तर लिहिलं. ते आठ जण काही काठ्या घेऊन फिरणारे गुंड नव्हते. सज्जनच होते. पण त्यांच्या मंडळीत बसमधनं उठवलेलं माणूस एकही नव्हतं.

काळं म्हणून सगळं सोनं, असंही मी म्हणत नाही. काळ्या बाप्टिस्टांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेचे अध्यक्ष जे. एच. जॅक्सन यांना खुर्ची इतकी प्यारी की किंगच्या आंदोलनाला ते शेवटपर्यंत आडवे गेले. १९६१ साली त्यावरनं संघटना फुटली. किंगच्या खुनानंतर शिकागोतल्या त्यांच्या चर्चसमोरच्या रस्त्याला किंगचं नाव दिलं, तर या गृहस्थांनी चर्चचा पत्ताच बाजूच्या गल्लीवर घेतला. नाव नको म्हणून! आणि बायका. एला बेकर यांच्यासारखी संघटक बाई किंगच्या संघटनेत पाद्र्यांच्या हाताखाली राबली आणि बाईचं ऐकायची त्यांना सवय नाही म्हणून वैतागली. घरात बाईला मागच्या बाकावर बसवलं तर बाहेरची चळवळही तेवढी लंगडी होते. ती झाली.

आता आपल्याकडं या. इथल्या चर्चनं आपल्याला पाटी दिली, हे मी नाकारत नाही आणि नाकारणाऱ्याला कृतघ्न म्हणेन. जोतिबा पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मुक्ता नावाची मांगाची पोर, फुल्यांच्या शाळेतली, तिनं ब्राह्मणांच्या धर्माला सवाल करणारा निबंध लिहिला तो १८५५ साली छापला कुणी? ‘ज्ञानोदय’नं, अमेरिकन मिशनच्या पत्रानं. कुठलं भटाचं पत्र तो छापणार होतं?

पण पाटी एक आणि पंगत एक. रोबेर्तो दे नोबिली १६०६ साली मदुराईला आला. इटलीचा खानदानी. ब्राह्मण ख्रिस्ती झाले की बाकी आपोआप होतील, असा त्याचा हिशेब. भगवे नेसला, शाकाहारी झाला, आणि खालच्या जातीतल्या ख्रिस्त्यांपासून लांब राहिला. पुढं तिथं वरच्या जातींना वेगळे धर्मगुरू आणि खालच्यांना वेगळे, अशी सोयच झाली. पहिल्या दिवशी पायरी ठेवली ती चारशे वर्षं पुरली. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हुकूम काढला की चर्चमधली जात ताबडतोब आणि कायमची टाका. तेव्हा दक्षिणेत वरच्या जातीतले कित्येक ख्रिस्ती मंडळी सोडून गेले. येशू सोडला तरी चालेल, जात सुटायला नको. तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत मधोमध भिंत घातली गेली. मेल्यावरही अलीकडचे अलीकडं, पलीकडचे पलीकडं. २०१६ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं धोरण जाहीर करून हे दुखणं कागदावर कबूल केलं. दलितांतनं पहिला कार्डिनल झाला तो २०२२ साली, हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला.

फिलाडेल्फियातल्या ॲलनसारखा उठून चालता झालेला माणूस आपल्याकडं झाला नाही का? झाला. केरळात पोयकयिल योहन्नान. दलित घरचा, बायबल कोळून प्यालेला उपदेशक. सीरियन ख्रिस्त्यांच्या चर्चमध्ये पुलया-परयांची पायरी कुठली ते बघितलं आणि बाहेर पडला. १९०९ च्या सुमारास आपली वेगळी सभा काढली, आणि त्या सभेत गुलामीत विकलेल्या आपल्या आज्या-पणज्यांची आठवण हीच उपासना केली. आपल्यातल्या किती जणांना हे नाव माहीत आहे? मला गेल्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

बाबासाहेबांनी हे सगळं तपासलं होतं. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांसमोर ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपलं मन ओढलं, हे तिथं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, आणि त्याच दमात दक्षिणेतल्या चर्चमधली जात दाखवून दिली. तुमच्या शिकलेल्या पोरांनी आपल्याच लोकांवरच्या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला नाही, हेही सुनावलं. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर त्यांनी पुढं सविस्तर लिहिलं. दवाखाना दिला, शाळा दिली, पण हक्कासाठी कोण भांडलं, असा त्याचा रोख. चवदार तळ्यावर १९२७ साली पाणी प्यायला आपल्यालाच जावं लागलं. ज्या घरात आतच उतरंड आहे ते घर बाहेर भाकरी वाटू शकतं. तळ्यावर चल म्हणू शकत नाही, कारण तळं सुटलं तर उद्या आतला बाकही सुटणार. तरी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले, बौद्धांना सवलत मिळायला १९९० उजाडलं, आणि ते अजून बाहेरच आहेत. त्यांचा बाक आत मागं आणि बाहेर नावच नाही. ते आपलेच लोक आहेत, हे त्यांची टिंगल करणाऱ्यांनी ध्यानात धरावं.

चर्चच कशाला, लाल बावटासुद्धा याच तराजूत बसतो. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नव्हते. धोट्यातनं धागा तोंडानं ओढायचा, आणि महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर कसा धरणार? जास्त पगाराचं खातं बाटण्याच्या भीतीनं बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या नरड्यात घातला तेव्हा कुठं तो मागण्यांत आला. जगातल्या कामगारांना एक करायला निघालेली माणसं, पण आत खातं वेगळं. मी सूतगिरणीत साच्यावर उभा असतो, तेव्हा हे आठवतं.

आता विहार.

आमच्या भागातल्या विहाराचं नाव मी घेत नाही. तुम्ही वाचताना आपापल्या वस्तीतल्या विहाराचं घ्या. दारात संगमरवरी पाटी. देणगीदारांची नावं, रकमेच्या उतरत्या क्रमानं. सगळ्यात वर एक लेबर कंत्राटदार. बुद्धमूर्ती आतल्या अंगाला, ती नंतर दिसते. ट्रस्टी सगळे पुरुष. महिला मंडळाच्या मावश्या फरशी पुसतात, वैशाखी पौर्णिमेला खीर करतात, मोठाली पातेली घासतात, आणि मीटिंगला त्यांना बोलावत नाहीत. वरच्या मजल्यावर वाचनालय आहे. पुस्तकं आहेत, कुलूपही आहे. पलीकडच्या मांग गल्लीतली आणि सफाई कामगारांच्या चाळीतली तीन-चार पोरं पोलीसभरतीचा अभ्यास करायला आली, तर त्यांना सांगितलं, तुमचं समाजमंदिर वेगळं आहे ना? बाळांनो, तिकडं बसा. ‘बाळांनो’ म्हणाले. गोडीत म्हणाले. फिलाडेल्फियात निदान दंड धरून उठवलं होतं.

मागच्या पावसाळ्यात बदली कामगारांना कमी केलं. दोनशेच्या आसपास घरं या वस्तीतली. आम्ही सभेसाठी हॉल मागितला. ट्रस्टी म्हणाले, विहारात राजकारण नको, धम्माचं पावित्र्य राहिलं पाहिजे. आठ दिवसांनी त्याच हॉलात नगरसेवकाचा वाढदिवस झाला, केक कापला, बाहेर डीजे वाजला. पाटीवरचं पहिलं नाव आणि आमच्या माणसांना कमी करणारं कंत्राट, दोन्ही एकाच घरातली. मग त्या हॉलानं आमची सभा कशी घ्यावी? माँटगोमेरीचा पाद्री धोबिणींच्या पैशावर होता म्हणून शेवटी धोबिणींकडं आला. आमचा ट्रस्टी कंत्राटदाराच्या चेकवर आहे, तो कंत्राटदाराकडं जातो. त्यात त्याच्या स्वभावाला शिव्या देण्यात अर्थ नाही. मी दिल्या, पण अर्थ नाही.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेत भिक्खूबद्दल प्रश्न विचारलाय. भिक्खू कशासाठी? नुसता स्वतः पूर्ण माणूस व्हायला, की लोकांचा सेवक व्हायला? पहिला असेल तर धम्माला त्याचा उपयोग नाही, असं त्यांनी साफ म्हटलंय. आणि १९५० मध्ये बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर लिहिताना भिक्खूंनी सेवेचा धडा ख्रिस्ती मिशनऱ्यांकडनं घ्यावा, असाही त्यांचा रोख होता. चर्चचे दोष इतके उघडे करणारा माणूस हे सांगतो. आम्ही मात्र चर्चकडनं घेतलं काय? देणगीदारांची संगमरवरी पाटी.

सिगारेटवाल्या दोस्तांना एवढंच सांगतो की अफू म्हणून तुम्ही बाहेर राहिलात, म्हणून ट्रस्ट त्यांच्या हातात राहिला. वस्तीत आपल्या मालकीचं, पावसात न गळणारं, दोनशे माणूस बसेल असं दुसरं एक तरी छप्पर दाखवा. नाही. हे एकच आहे, आणि ते आपल्या बापांनी पाच-पाच, दहा-दहा रुपये काढून बांधलंय. माझ्या आईनं त्याच्या विटा वाहिल्यात, आणि तिचं नाव पाटीवर नाही.

म्हणून आम्ही काही जणांनी अर्ज लिहिलाय. देणगीची पाटी काढा. घरटी दरमहा दहा रुपये वर्गणी घ्या आणि हिशेब फळ्यावर लावा. ट्रस्टमध्ये निम्म्या बाया घ्या, त्यात फरशी पुसणाऱ्या मावश्या आधी. वाचनालय रात्री बारापर्यंत उघडं, आणि जो पोरगा, जी पोरगी येईल तिची जात विचारायची नाही. कामावरनं काढलेल्यांच्या सभेला हॉल फुकट. स्वयंपाकघराची आणि वरच्या मजल्याची किल्ली तीन पाळ्यांतल्या तीन माणसांकडं, आळीपाळीनं.

ट्रस्टी म्हणतात, अर्ज ऑफिसात द्या, विचार करू. ऑफिसात देणार नाही. येत्या पौर्णिमेला वंदना संपली की सगळे बसलेले असतानाच उभं राहून वाचायचं ठरलंय. वाचणार एक मावशी, तिचा सराव चालू आहे. कागद दुसरी पाळी सुटल्यावर गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर असतो. मांग गल्लीतल्या सह्या आधी घेतल्यात. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी शाईचा पॅड ठेवलाय.